मोठी एसएसडी घ्यावी काय?

घरांत एखादी वस्तु घ्यावयाची म्हणजे तिची किंमत विचारावी, ती टिकाऊ आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि मग आपल्या गरजेशीं तिचा मेळ घालावा, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत. सतरंजी असो वा घंगाळ, वीण किंवा पत्रा बोटांनीं चाचपून पाहिल्याखेरीज पैसा त्यांच्या हातांतून सुटत नसे. अलीकडे मात्र अशा कांहीं वस्तु घरोघर येऊं लागल्या आहेत कीं, त्या चाचपून कांहींच कळत नाहीं. संगणकाला जोडावयाची एसएसडी ही त्यांपैकीं एक. तिला ना आवाज, ना हालचाल. आणि स्वस्त व महाग या दोन्ही बाहेरून अगदीं सारख्या दिसतात.

या वस्तूचा प्रश्न आज पुष्कळ घरांपुढें उभा आहे. वीस-पंचवीस वर्षांत काढलेलीं छायाचित्रें, मुंजी-लग्नांचीं चलच्चित्रें, कुलवृत्तान्तासाठीं जमविलेल्या जुन्या कागदांच्या प्रतिमा, आतां हयात नसलेल्या वडील मंडळींच्या आवाजाचीं ध्वनिमुद्रणें, असा सारा ठेवा एखाद्या जुन्या संगणकांत आणि तीन-चार मोबाइलांत विखुरलेला असतो. तो एकत्र करावा असें मनांत येतें, तोंच कोणी तरुण आप्त सांगतो, "आठ टेराबाइटची एकच मोठी एसएसडी घ्या आणि सगळें तींत टाका, वेगवान असते, कटकट मिटेल." सल्ला प्रेमाचा असतो. परंतु त्यांत निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराची बरीच मोठी रक्कम गुंतते, आणि ठेवा तर असा कीं, एकदां गेला म्हणजे पैसे मोजून परत मिळत नाहीं. म्हणून या वस्तूची किंमत आपण कशाबद्दल देतों, तिचा वेग केव्हां खरा व केव्हां नांवाचा, आणि मोठी घेतल्यानें पदरांत अधिक काय पडतें, याचा थोडा विचार येथें करूं.

वस्तूचें स्वरूप

संगणकाची साठवण पूर्वीं फिरत्या तबकड्यांवर होत असे, आणि अद्यापिही पुष्कळ ठिकाणीं होते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं अशी पहिली डिस्क बाजारांत आणली, तेव्हां तींत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि सर्व मिळून पन्नास लक्ष अक्षरें मावत. आजच्या मोबाइलवर काढलेलीं एक-दोन छायाचित्रें तेवढी जागा सहज व्यापतात. पुढें डिस्क लहान झाली, साठा अफाट वाढला, परंतु मूळ रीत तीच राहिली: तबकडी फिरत असते, आणि वाचणारा हात तिच्यावरून मागेंपुढें सरकत असतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. म्हणजे हवा तो भाग हाताखालीं येण्यास सरासरीनें अर्ध्या फेऱ्याचा, सुमारें चार सहस्रांश सेकंदाचा, वेळ लागतो. त्यांत हात सरकण्याचा वेळ मिळविला कीं, एकेक वस्तु शोधण्यास दहा-बारा सहस्रांश सेकंद जातात. ऐकण्यास हें अल्प वाटतें. पण संगणक सुरू होतांना अशा हजारों वस्तु निरनिराळ्या ठिकाणांहून उचलाव्या लागतात, आणि तेथें मिनिटें खर्च होतात.

एसएसडींत फिरणारें कांहींच नाहीं. सिलिकनच्या चकतीवर अतिसूक्ष्म कोठड्या कोरलेल्या असतात, आणि एकेका कोठडींत विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो. भार असा कोंडण्याची युक्ति बेल प्रयोगशाळेंतील डॉवन कांग व सायमन झी यांनीं १९६७ सालीं मांडली. जपानच्या तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं तिला पुढें फ्लॅश स्मृतीचें रूप दिलें, आणि आज सर्वत्र वापरली जाणारी नॅन्ड जातीची रचना १९८७ सालीं जगापुढें आली. हात सरकवावयाचा नसल्यामुळें हवी ती वस्तु येथें हार्ड डिस्कच्या सुमारें शंभरांश वेळांत हातीं लागते. एसएसडीचा खरा गुण तो हाच.

आतां किंमतीचें मूळ पाहूं. कोठडींत भार आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहिलें तर तींत एक बिट मावतो. परंतु भार किती आहे याच्या खुणा ठरविल्या तर अधिक मावतात. शेराचें माप भरलेलें आहे कीं रिकामें, हें लांबूनही दिसतें. पण त्यांत किती छटाक धान्य आहे हें सांगावयाचें तर सोळा खुणा बारकाईनें पाहाव्या लागतात. येथेंही तसेंच आहे. एका कोठडींत तीन बिट ठेवणाऱ्या जातीस टीएलसी म्हणतात; तींत भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिट ठेवणारी ती क्यूएलसी. तिच्या पातळ्या बरोबर शेराच्या छटाकांइतक्या, म्हणजे सोळा. येथलें गणित लक्षांत घेण्याजोगें आहे. तिनांचे चार बिट केल्यानें साठा एक तृतीयांशानेंच वाढतो, परंतु खुणा दुप्पट होतात. त्यामुळें लिहिण्यास वेळ अधिक लागतो, आणि पुसून पुन्हां लिहूं देण्याची कोठडीची शक्तीही लवकर सरते. मोठ्या साठ्याच्या एसएसडी उतरत्या भावानें मिळूं लागल्या, त्यांत या क्यूएलसीचा मोठा वांटा आहे. म्हणून मोठ्या एसएसडीवर स्वस्त किंमत दिसली कीं, दुकानदारास पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, कीं ही टीएलसी आहे कीं क्यूएलसी?

शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा होते असें आपण म्हणतों. शास्त्रकार त्यास स्थालीपुलाकन्याय म्हणतात. पातेल्यांतील सर्व तांदूळ सारखेच शिजतात, म्हणून हा न्याय चालतो. एसएसडीच्या वेगास तो लावूं गेल्यास मात्र फसगत होते. कारण टीएलसी व क्यूएलसी जातीच्या एसएसडींत कांहीं जागा एकबिटी रीतीनें वापरण्याची योजना केलेली असते. येणारा मजकूर आधीं या ओसरीवर भराभर उतरून घ्यावयाचा, आणि मग फुरसतीनें माजघरांत नेऊन दाटीनें रचावयाचा. ओसरी मोकळी आहे तोंवर वेग डोळे दिपविणारा असतो. ती भरली कीं, प्रत्येक नवें ओझें माजघराच्या संथ गतीनें आंत न्यावें लागतें. खोक्यावर छापतात तो वेग ओसरीचा.

सॅमसंग कंपनीच्या दोन एसएसडींचें उदाहरण घेऊं. २०२० सालीं विक्रीस आलेली ८७० क्यूव्हीओ ही क्यूएलसी जातीची, आणि २०२१ च्या आरंभीं आलेली ८७० ईव्हीओ ही टीएलसी जातीची. दोहोंच्या जाहिरातींत वेग एकच होता: सेकंदाला वाचन ५६० मेगाबाइट, लेखन ५३० मेगाबाइट. परंतु क्यूव्हीओच्या दोन टेराबाइट व त्याहून मोठ्या आकारांत ओसरी ७८ गिगाबाइटची; ती संपल्यावर लेखन सेकंदाला १६० मेगाबाइटवर उतरतें, हें कंपनीच्या तपशीलपत्रकांतच नमूद होतें. ईव्हीओचे मोठे आकार मात्र ओसरी भरल्यावरही बहुतेक तोच वेग राखतात.

शाळेंत त्रैराशिक शिकलेल्या कोणासही पुढचा हिशेब करतां येईल. घरांतील दोन टेराबाइट मजकूर उतरवावयाचा आहे असें समजा. सेकंदाला ५३० मेगाबाइटच्या वेगानें त्यास एक तास आणि तीन मिनिटें लागतील. १६० च्या वेगानें साडेतीन तासांच्या जवळपास लागतील. आणि ज्या साडेतीन इंची हार्ड डिस्कला आपण जुनाट म्हणून नाक मुरडतों, तिचा सलग लेखनाचा वेग सेकंदाला २०० मेगाबाइटच्या आसपास असल्यास तेंच काम पावणेतीन तासांत होईल. म्हणजे खोक्यावर अडीचपटीहून अधिक वेगवान दिसणारी वस्तु या एका कामांत हार्ड डिस्कच्याही मागें पडते.

यावरून क्यूएलसी टाकाऊ आहे असें मात्र कोणी समजूं नये. वाचनांत तिचा वेग मंदावत नाहीं. ज्यास एकदांच भरून पुढें वर्षानुवर्षें केवळ पाहावयाचें आहे, त्याचा एका रात्रीचा उशीर कांहीं मोठा नव्हे. आक्षेप वस्तूवर नसून, ओसरीचा वेग दाखवून माजघराची किंमत घेण्यावर आहे.

दार अरुंद असेल तर

दुसरा विचार दाराचा. एसएसडी कितीही चपळ असली तरी मजकूर ज्या जोडणींतून जावयाचा तिच्याहून अधिक वेग मिळत नाहीं. साटा जोडणींतून सेकंदाला सुमारें ५५० मेगाबाइट जातात. एनव्हीएमई रीतीच्या जोडणींत, तिसऱ्या पिढीच्या दारांतून सुमारें ३,५००, चौथीच्या दारांतून ७,००० च्या वर, आणि पांचवीच्या दारांतून १४,००० पर्यंत. पांचव्या पिढीची महाग एसएसडी तिसऱ्या पिढीच्या संगणकांत बसविली, तर ती चालेल, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगानें चालेल. वरची किंमत फुकट गेली. बाहेरून जोडावयाची एसएसडी जुन्या यूएसबी २.० दारांत खोंचली तर सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपास हातीं लागतात, आणि वरचे दोन टेराबाइट उतरविण्यास चौदा तास जातात. तेथें एसएसडी कोणती आहे हा प्रश्नच उरत नाहीं.

शिवाय, घरगुती कामांत वेगाचा उपयोग कोठपर्यंत आहे हेंही पाहिलें पाहिजे. हार्ड डिस्कवर चालणाऱ्या संगणकांत साधी साटा जातीची एसएसडी बसविली तर फरक लहान मुलासही कळतो. यंत्राला नवा जन्म मिळाल्यासारखें होतें. परंतु साटावरून एनव्हीएमईकडे, आणि तेथून आणखी वरच्या पिढीकडे जातांना पत्र लिहिणें, छायाचित्रें चाळणें, हिशेब ठेवणें या कामांत डोळ्यांस दिसेल असा लाभ फारसा होत नाहीं. त्या वेगाचें चीज चलच्चित्रांचें संपादन करणाऱ्यांकडे अथवा मोठाल्या फायली रोज हलविणाऱ्यांकडे होतें.

किंमतीचा हिशेब

किंमत नेहमीं टेराबाइटामागें काढावी, म्हणजे लहानमोठ्यांची तुलना करतां येते. वर सांगितलेल्या क्यूव्हीओचा आठ टेराबाइटचा नग २०२० सालीं अमेरिकेंत ९०० डॉलरांच्या सुमारास आला. म्हणजे टेराबाइटाला साधारण ११२ डॉलर. २०२३ सालीं त्याच कंपनीची चार टेराबाइटची ९९० प्रो, टीएलसी जातीची आणि वाचनांत त्याहून तेरापट वेगवान, ३४५ डॉलरांस आली. टेराबाइटाला ८६ डॉलर. तीन वर्षांत वस्तु सरस झाली आणि भावही उतरला. यावरून "थांबावें, स्वस्त होईल" असा एक नियमच लोकांनीं बांधला होता.

तो नियम आतां विसंबण्यासारखा राहिला नाहीं. २०२५ च्या उत्तरार्धांत स्मृतीच्या चकत्यांचे भाव झपाट्यानें चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारल्या जाणाऱ्या प्रचंड संगणकगृहांनीं उत्पादनाचा मोठा भाग आपल्याकडे ओढला. डिसेंबर २०२५ मध्यें अमेरिकेच्या मायक्रॉन कंपनीनें तर 'क्रूशियल' या नांवानें किरकोळ गिऱ्हाइकांस माल विकण्याचा आपला व्यवसायच आवरता घेण्याचें जाहीर केलें. अशा वेळीं उद्यां महागेल या भीतीनें आजच गरजेच्या चौपट घेऊन ठेवणें हेंही शहाणपणाचें नव्हे. गरज आजची असेल तर आजच्या भावानें, पण गरजेपुरतेंच घ्यावें.

आणखी दोन गोष्टी. आतांपर्यंतचा अनुभव असा कीं, आठ टेराबाइटचा एनव्हीएमई नग घेतांना टेराबाइटामागें पडणारा भाव दोन किंवा चार टेराबाइटच्या नगापेक्षां चढाच असतो. तेव्हां 'मोठें घेतलें कीं स्वस्त पडतें' हा वाण्याच्या दुकानांतला हिशेब येथें चालत नाहीं. आणि हार्ड डिस्कचा टेराबाइटाचा भाव एसएसडीच्या मानानें कांहीं पटींनीं कमी राहत आला आहे. ठेव केवळ सांभाळावयाची असेल तर हा फरक विसरतां येत नाहीं.

चार टेराबाइटची एसएसडी जोडल्यावर संगणकाच्या पडद्यावर ३.६३ असा आंकडा दिसतो, तेव्हां कोणी फसविलें असें मानण्याचें कारण नाहीं. विकणारा दहाच्या घातांनीं मोजतो, संगणक १,०२४ च्या पटींनीं मोजतो, एवढाच तो भेद आहे. खरी फसवणूक निराळी. नांवगांव नसलेली सोळा टेराबाइटची 'एसएसडी' आंतरजालावरील बाजारांत अगदीं क्षुल्लक किंमतीस दिसते. तिच्या आंत बहुधा एखादें लहानसें मेमरी कार्ड असतें, आणि संगणकास खोटा आंकडा सांगण्याची सोय केलेली असते. खरी जागा संपली कीं, पुढचा मजकूर नष्ट होतो. नांवें तेवढीं दिसत राहतात, आणि घरधनी निर्धास्तपणें मूळ प्रती पुसून टाकतो. म्हणून कोणतीही नवी एसएसडी एकदां संपूर्ण भरून व परत वाचून पाहावी. यासाठीं एफ-थ्री नांवाचें साधन विनामूल्य मिळतें.

टिकाऊपणा

एसएसडी लिहून लिहून झिजते, हें खरें आहे. पण त्याची धास्ती घरगुती माणसानें घेऊं नये. आठ टेराबाइटच्या क्यूव्हीओस कंपनीनें २,८८० टेराबाइट लेखनाची मर्यादा दिली होती. रोज ५० गिगाबाइट लिहिले, जें सामान्य घरांत होत नाहीं, तरी ती मर्यादा गांठण्यास १५७ वर्षें लागतील. त्याच्या कितीतरी आधीं ती जोडावयाचें दारच जगांतून नाहींसें झालेलें असेल. तेव्हां केवळ लेखनमर्यादेचा आंकडा मोठा म्हणून अधिक पैसे देणें व्यर्थ आहे.

खरी भीति दोन ठिकाणीं आहे. पहिली, वीज न देतां कपाटांत ठेवून देण्याची. कोठडींतला भार हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेच्या प्रमाणानुसार, लेखनमर्यादा पूर्ण वापरलेल्या घरगुती एसएसडीनें विजेवांचून ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर राखला पाहिजे. नवी किंवा थोडी वापरलेली एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ राखते. परंतु उष्णता वाढेल तसा हा काळ घटतो. नागपूर-अकोल्याकडील वैशाखांत पत्र्याखालच्या माळ्यावर ती वर्षानुवर्षें टाकून ठेवणें योग्य नव्हे. सहा महिन्यांतून एकदां जोडून वाचून पाहावी.

दुसरी भीति अकस्मात् निकामी होण्याची. हार्ड डिस्क पुष्कळदां कुरकुर करून सूचना देते. एसएसडी बहुधा कांहींएक न बोलतां बंद पडते, आणि मग तींतला मजकूर काढणें दुर्घट होतें. नोव्हेंबर २०१९ मध्यें हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीनें स्वतःच जाहीर केलें कीं, आपल्या कांहीं एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील आणि त्यांतील मजकूरही परत मिळणार नाहीं. सुधारलेली आज्ञावली आधींच घातली तरच हें टळेल. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात, आणि तितके तास म्हणजे सुमारें पावणेचार वर्षें. ज्यांनीं एकाच दिवशीं चार घेऊन एकीची नक्कल दुसरींत ठेवली असेल, त्यांच्या चारही जवळजवळ एकाच वेळीं जावयाच्या! दोन प्रती असल्या म्हणजे झालें असें नाहीं. त्या एकाच जातीच्या, एकाच वयाच्या आणि एकाच घरांत असल्या, तर संकटापुढें त्या एकच होत.

मग घ्यावें काय?

प्रथम आपला ठेवा मोजावा. मोबाइलवरील छायाचित्र चार मेगाबाइटचें धरलें तर एक लाख छायाचित्रांस ४०० गिगाबाइट पुरतात. उत्तम प्रतीच्या चलच्चित्रास तासाला सुमारें १० गिगाबाइट धरले तर पन्नास तासांस ५००. म्हणजे एक लाख छायाचित्रें आणि पन्नास तासांचे समारंभ मिळूनही एक टेराबाइट भरत नाहीं. आठ टेराबाइटचा सल्ला देणाऱ्या बहुतेकांनीं हा हिशेब केलेला नसतो.

आमच्या मतें साधारण घरानें रोजच्या कामासाठीं संगणकांत एक किंवा दोन टेराबाइटची टीएलसी जातीची, प्रसिद्ध कंपनीची एसएसडी बसवावी. ती आपल्या यंत्राच्या दारास साजेल एवढ्याच वेगाची असावी. आणि मोठ्या एसएसडीस लागले असते त्यांतील उरल्या पैशांतून दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क घेऊन त्यांवर ठेव्याच्या दोन प्रती कराव्या. एक प्रत आपल्या घरीं, आणि दुसरी परगांवीं असलेल्या मुलीकडे किंवा भावाकडे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांतील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां ज्यांचे कागद एकाच घरांत होते त्यांचे ते गेले. डिस्क वेगवान असती तरी पुरास त्याचें काय?

मोठी एसएसडी कोणीं घ्यावी? चलच्चित्रांचें काम हा ज्याचा व्यवसाय आहे त्यानें. प्रवासांत मोठा साठा बाळगणाऱ्यानें, कारण धक्के व पडझड ती हार्ड डिस्कपेक्षां पुष्कळ अधिक सोसते. आणि ज्यास आवाज व आकार सहन करावयाचा नाहीं व पैशाची अडचण नाहीं त्यानें. त्यांनींही टीएलसी कीं क्यूएलसी, ओसरी किती, आणि ती भरल्यावर वेग किती, हे तीन प्रश्न विचारूनच घ्यावी, आणि दुसऱ्या प्रतीची सोय आधीं करावी. इतरांनीं येत्या रविवारीं घरांतील सर्व यंत्रांतला ठेवा किती गिगाबाइट भरतो, तो आंकडा एका कागदावर मांडावा, आणि तो कागद बरोबर घेऊनच दुकानाची पायरी चढावी.